आधा नक्को

माणूस गेल्यानंतरचे पहिले सहा तास, तेच माझ्या कामाचे तास. बंगळुरूतल्या एका रुग्णालयात मी नेत्रदान समुपदेशक आहे. वॉर्डातून निरोप आला की मी तिथे जाते. डॉक्टरांचं बोलणं संपू देते, पहिला हंबरडा ओसरू देते आणि घरातल्या कोणाशी बोलायचं ते बघत राहते. बहुतेक वेळा तो माणूस मुलगा किंवा बायको नसतो. बिलं, गाडी, गावाकडचे फोन हे सगळं निमूट करत असलेला एखादा जावई किंवा पुतण्या असतो. त्याला बाजूला घेऊन सांगते, की डोळ्यांचं दान करता येईल. बुबुळावरचा पारदर्शक पडदा काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पापणीखाली एक छोटी टोपी बसवतात, त्यामुळे डोळे मिटलेलेच राहतात आणि चेहऱ्यात फरक पडत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला, तरी चालतं. एचआयव्ही, कावीळ, रेबीज असेल तर चालत नाही. कायद्यानं जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. एवढं सांगून मी गप्प होते.

या कामात मला पहिल्यांदा शिकवलं गेलं ते हे, की समोरच्याच्या धर्मावर आपण बोलायचं नाही. घरच्यांनी विषय काढला तर ऐकून घ्यायचं. गुरुजींना, मौलवींना, फादरना विचारून या, मी थांबते, असं म्हणायचं. दानासाठी धर्माचा दाखला द्यायचा नाही, कारण दुःखात बुडालेल्या माणसाला दाखला परतवता येत नाही. हा नियम मला मनापासून पटलेला आहे आणि मी तो मोडलेला नाही.

म्हणून २०२२च्या ऑगस्टमध्ये विभागप्रमुख मॅडमनी बोलावून सांगितलं, की चामराजपेटेत सर्वधर्म सभा आहे, विषय नेत्रदान, आणि इस्लामच्या बाजूनं तुम्ही बोलायचं, तेव्हा पोटात गोळा आला. आयोजकांना एखादे मौलाना हवे होते. ज्यांना विचारलं त्यांनी त्या दिवसांत मंचावर यायला नको म्हटलं होतं. नेत्रदानाचा राष्ट्रीय पंधरवडा दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असतो, त्यामुळे तारीख हलणार नव्हती.

त्या दिवसांत म्हणजे कोणत्या, हे सांगायला हवं. चामराजपेट ही बंगळुरूची जुनी, आखून वसवलेली वस्ती. १८९२ साली वसली, चामराजेंद्र वडियारांच्या नावानं. इथे कन्नड साहित्य परिषद आहे, जवळच मिंटो डोळ्यांचं जुनं सरकारी रुग्णालय आहे, आणि किल्ल्याच्या बाजूला टिपूचा उन्हाळी महाल आणि कोटे वेंकटरमण देऊळ एकमेकांना लागून उभे आहेत. आणि इथेच ईदगाह मैदान आहे. त्या वर्षी मैदान कोणाचं, तिथे गणपती बसवायचा की नाही, यावर ऑगस्टभर वाद चालला होता. गणेश चतुर्थी ३१ तारखेला होती. ३० ऑगस्टच्या संध्याकाळी सर्वोच्च न्यायालयानं जैसे थे स्थिती ठेवायला सांगितलं आणि गणपती दुसरीकडे बसले. चौकाचौकांत पोलीस होते. त्याच वर्षी कर्नाटकातल्या कॉलेजांच्या फाटकांवर हिजाब घातलेल्या मुलींना अडवलं गेलं होतं, तेही ताजंच होतं. मी ओढणी डोक्यावरून घेते. सभा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती.

मी मिरजेची. आमच्या घरात दखनी, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही आणि वर थोडी कन्नड. मिरजेत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे मजारीवरची चादर, चर्मकार समाजाचा असतो. गायक अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच चिरविश्रांती घेत आहेत, आणि त्यांच्या स्मरणात दर्ग्याच्या आवारात जे गाणं चालतं त्यात गाणाऱ्याची जात कोणी विचारत नाही. लहानपणी हे सगळं मी पाहिलं. ते आपलं आपण चालायचं. तिथे कोणालाही उठून ‘आता इस्लामची बाजू’ मांडावी लागत नव्हती. माईकसमोर, पाटीवर धर्माचं नाव लिहिलेल्या खुर्चीवर बसणं मला नवं होतं.

भीती नेमकी कशाची होती ते ओळखायला मला वेळ लागला. ज्ञान अपुरं पडेल ही भीती वरवरची होती. वाचून, विचारून ती कमी करता येते. खरी भीती अशी, की मी एक बाई, माझं एक आयुष्य, माझी एक नोकरी, आणि मी बोललेलं वाक्य सभागृहातून बाहेर पडताना ‘मुसलमान असं म्हणतात’ होऊन जाणार. बरं बोलले तर लोक म्हणणार, ही वेगळी आहे. अडखळले तर म्हणणार, बघा, यांच्याकडे उत्तर नाही. आणि रात्री घरी परतताना याच वस्तीतली माझी माणसं विचारणार, तुला आमच्या वतीनं बोलायला कोणी सांगितलं? प्रश्न दोन्हीकडून येणार होता, आणि दोन्हीकडच्यांना तो विचारायचा हक्क आहे असं मला वाटत होतं.

तयारी करताना मी शिकागोच्या १८९३च्या सर्वधर्म परिषदेबद्दल वाचलं. विवेकानंदांमुळे ती आपल्याला माहीत असते. त्या व्यासपीठावर इस्लामच्या बाजूनं कोण बोललं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मोहम्मद अलेक्झांडर रसेल वेब, मूळचे अमेरिकन ख्रिश्चन, मनिलात अमेरिकेचे वाणिज्यदूत म्हणून काम केलेले आणि तिथेच मुसलमान झालेले. परिषदेच्या आधी, १८९२ साली ते मुंबईला आणि हैदराबादला येऊन गेले होते. शिकागोत त्यांच्या भाषणात बहुपत्नीत्वाचा विषय निघाला आणि श्रोत्यांतून ‘लाज वाटू द्या’ अशा आरोळ्या उठल्या. करोडो लोकांच्या धर्माच्या खुर्चीवर नुकताच त्या धर्मात आलेला एक माणूस, आणि त्याला ऐकायच्या आधीच सभागृहाला एका विषयावर ओरडायचं आहे. मी ते वाचून बराच वेळ थांबले. माझ्या सभागृहातही असा एक विषय असणारच होता. फक्त तो कोणता हे मला माहीत नव्हतं.

मग वस्तीतल्या एका मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेले. वयस्क, शांत माणूस. माझ्या कामाची त्यांना माहिती होती. कागद समोर ठेवून मी सांगितलं, की १९८८ साली जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनं मृताचा अवयव घ्यायला परवानगी दिली आहे. जिवंत माणसाचा जीव किंवा शरीराचं एखादं मूलभूत कार्य त्यावर अवलंबून असेल तर, आणि मृतानं आधी किंवा वारसांनी नंतर संमती दिली असेल तर. मलेशियाच्या फतवा परिषदेनं तर १९७० सालीच बुबुळाला होकार दिला होता. मौलानांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, देवबंदचा फतवा नाही म्हणतो, आणि मीही नाहीच म्हणतो. शरीर आपलं नाही, अल्लाहची अमानत आहे. मय्यताचं हाड मोडणं जिवंत माणसाचं हाड मोडण्यासारखं, अशी हदीस आहे. अमानत वाटून टाकायचा अधिकार आपल्याला कुठून आला?

मी कुराणातल्या सूरह माइदामधल्या, जीव वाचवण्याबद्दलच्या आयतीचं नाव घेतलं. अशा प्रत्येक कार्यक्रमात तीच आयत म्हटली जाते. मौलाना हलकेच म्हणाले, “बेटी, वो जान की बात है. आँख से जान नहीं जाती. तू खुद बोल, अंधा आदमी मर जाता क्या?”

मला उत्तर सुचलं नाही, आणि ते बरंच झालं. कारण त्यांचा मुद्दा खरा होता. बुबुळ जीव वाचवत नाही, दृष्टी देतं. जेद्दाहच्या ठरावातही म्हणूनच ‘जीव किंवा मूलभूत कार्य’ असे दोन पर्याय वेगळे घातलेले आहेत. मी इतकी वर्षं कार्यक्रमांत ऐकत आलेली सांगड सैल होती. जिथे परवानगी आहे ती वेगळ्या वाटेनं आलेली आहे, आणि जो नाही म्हणतो त्याच्याकडेही विचार आहे. तो आडमुठा नाही. हे मला त्या चटईवर बसल्या बसल्या पहिल्यांदा नीट दिसलं.

निघताना मी विचारलं, “मग मी तिथे जाऊ नको?” मौलाना म्हणाले, “जा. क्यूँ नहीं? बोल बेटी. मगर हमारा बोलना भी पूरा बोल. आधा नक्को.”

त्यांनी मला थांबवलं असतं तर सोपं होतं, आणि माझ्या बाजूनं झाले असते तर त्याहून सोपं. त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांत अवघड होतं.

कारण सर्वधर्म सभेची एक ठरलेली चाल असते. प्रत्येक वक्ता सांगतो, की आमचा धर्म यासाठी पूर्ण तयार आहे. मग टाळ्या होतात. जैन समाजाचं नेत्रदानातलं काम बंगळुरूत मोठं आहे आणि त्याचा मला आदर आहे; त्यांचे प्रतिनिधी तसंच बोलणार हे उघड होतं. बौद्ध भिक्खू श्रीलंकेचं उदाहरण देणार हेही. डॉ. हडसन सिल्वांनी १९६१ साली नेत्रदान संस्था सुरू केली आणि त्या छोट्या देशातून कितीतरी देशांना डोळे जाऊ लागले. अशा रांगेत उभं राहून मी म्हणायचं, की आमच्यात मतभेद आहेत? आणि तेही त्या आठवड्यात, चामराजपेटेत? घरातलं भांडण रस्त्यावर आणणं होईल का, या एका प्रश्नावर मी रात्रीमागून रात्री घालवल्या. अम्मीला मिरजेला फोन केला. ती म्हणाली, “आपल्या घरात दोन मतं आहेत हे सांगायला लाज कसली? दोन मतं आहेत म्हणून तर घर आहे.” अम्मी जास्त शिकलेली नाही. पण तिच्या बोलण्यानं जे झालं ते कुठल्या पुस्तकानं झालं नाही.

सभागृह पाचशेच्या आसपास माणसं बसतील एवढं. बाहेर अप्पूचा, म्हणजे कन्नड नट पुनीत राजकुमारांचा मोठा फोटो लावलेला होता. २९ ऑक्टोबर २०२१ला ते गेले, घरच्यांनी डोळे दिले, आणि बुबुळाचे पुढचे आणि मागचे थर वेगवेगळे वापरून दोन डोळ्यांतून चार जणांना दृष्टी मिळाली. त्यांचे वडील, डॉ. राजकुमार २००६ साली गेले तेव्हा त्यांचेही डोळे दान झाले होते. अप्पू गेल्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरायला लोक रांगा लावत होते. आमच्या कामाला एका नटानं जे दिलं ते कुठल्याही पत्रकानं दिलं नसतं, असं मी प्रामाणिकपणे म्हणते. त्या रांगांमध्ये आमच्या मोहल्ल्यातली पोरंही होती.

मंचावर बसले तेव्हा हात गार पडले होते. कन्नड मला येते, पण सीमेवरची, मिरजेच्या वळणाची. शेजारी लिंगायत मठाचे स्वामी होते. माझ्याआधी तेच बोलले. बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि माझा श्वास जरा मोकळा झाला. त्यांच्यातही दफनच होतं, बसवून, हातात लिंग देऊन. म्हणून देह अखंड राहावा ही ओढ त्यांच्या भक्तांतही असते, आणि ती समजून घेतल्याशिवाय दान मागता येत नाही, असं ते म्हणाले. त्यांच्या एका प्रामाणिक वाक्यानं मंचाची चाल बदलली. आपल्याकडे हिंदू घरांतही, डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होईन, ही भीती मी वॉर्डात अनेकदा ऐकली आहे. म्हणजे मृताच्या देहाबद्दलची माया आणि धास्ती एकट्या मुसलमानांची नाही. पण सभेत ती कोणी बोलत नाही.

माझी पाळी आली. मी सुरुवातीलाच सांगितलं, की मी आलिम, म्हणजे धर्मशास्त्राची जाणकार, नाही; मी वॉर्डात काम करते आणि पाच वेळा नमाज पढते, एवढाच माझा अधिकार. मग दोन्ही मतं मांडली. आधी नकाराचं मांडलं, कारण ते मौलानांनी माझ्या हाती सोपवलं होतं. अमानत, हदीस, जीव आणि दृष्टीमधला फरक, सगळं. मग जेद्दाहचा ठराव, मलेशिया. मग सांगितलं, की कराचीत अब्दुल सत्तार एधी ८ जुलै २०१६ला गेले. मूळचे आपल्या गुजरातमधल्या बांटवाचे, आयुष्यभर बेवारस प्रेतांना कफन देणारे. जाताना त्यांनी आपले डोळे दिले. मी म्हटलं, माझा स्वतःचा कल परवानगीच्या बाजूला आहे आणि मी माझा अर्ज भरलेला आहे; पण माझे इमाम माझ्याशी सहमत नाहीत, आणि ते माझे इमाम आहेत.

टाळ्या इतरांपेक्षा कमी पडल्या. मला ते जाणवलं आणि आत काहीतरी हललं, पण मी वाक्य मागे घेतलं नाही.

प्रश्नांच्या वेळी मधल्या रांगेतले एक गृहस्थ उठले. सभ्य आवाजात विचारलं, “तुमचे लोक डोळे घेतात, मग देत का नाहीत?” सभागृह शांत झालं. वेबना ज्याची वाट पाहावी लागली असेल तो हाच क्षण, असं मला त्या क्षणी वाटलं.

मी नाकारलं नाही. आमच्या रुग्णालयात मुस्लिम घरांतून होकार कमी येतात, हे खरं आहे. पण त्याचं कारण मी वॉर्डात उभी राहून पाहिलेलं आहे, तेवढं सांगितलं. पहिलं म्हणजे, फतवा कोणी काढायच्या आधीच घड्याळ आड येतं. आमच्यात दफन लवकर करायचं असतं. कब्रस्तानात खोदाई सुरू झालेली असते, पुढच्या नमाजनंतर जनाजा ठरलेला असतो. नेत्रपेढीचा माणूस येईपर्यंत थांबा म्हटलं की घरातले मोठे अस्वस्थ होतात. तंत्रज्ञ गुस्लच्या, म्हणजे मय्यतीला अंघोळ घालण्याच्या, आधी पोहोचला तर काहीच अडत नाही, आणि सहा तासांची मुदत नि लवकर दफनाची रीत यांची सांगड बसते. दुसरं, चेहऱ्याच्या दीदारची, म्हणजे अंत्यदर्शनाची काळजी. शेवटचं बघायला येणाऱ्या बायका डोळ्यांकडे बघणार, हे मुलाच्या मनात असतं. टोपीची गोष्ट सांगितली की ते ओझं उतरतं.

आणि तिसरं बोलायला मला सगळ्यांत जड गेलं. कित्येक ठिकाणी मुस्लिम नातेवाइकांना विचारलंच जात नाही. ‘हे नाहीच म्हणणार’ असं आधीच धरून समुपदेशक पुढच्या पलंगाकडे जातो. ज्यांना प्रश्न विचारला नाही त्यांचं उत्तर नकारात मोजलं जातं. मी त्या गृहस्थांना म्हटलं, सर, बुबुळ घेणाऱ्याला आपण धर्म विचारत नाही. देणाऱ्याला विचारायच्या आधी मात्र तो बघितला जातो. त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही मला सांगता येणार नाही, पण ते बसले आणि नंतर चहाच्या वेळी येऊन टोपी कशाची असते ते विचारून गेले. मी प्लॅस्टिकची असते म्हटलं, आणि बॅगेतली काढून दाखवली.

हिजाबबद्दल कोणी विचारलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मी अनेक रात्री घोकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मौलानांकडे गेले. सभेचं त्यांच्या कानावर आलंच होतं. कोणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, तू हदीस बरोबर सांगितलीस. मग एधींचं नाव का घेतलंस ते विचारलं, आणि आमचा पुन्हा वाद झाला. चांगला, मोठ्या आवाजातला वाद. त्यांचं मत बदललेलं नाही.

त्यानंतर मी रुग्णालयात एक मागणी केली. आमच्या उर्दू पत्रकावर ‘इस्लाम नेत्रदानाला परवानगी देतो’ एवढं एकच वाक्य होतं. मी म्हटलं, त्याऐवजी लिहूया, की उलेमांमध्ये दोन मतं आहेत, दोन्ही थोडक्यात देऊया, आणि आपल्या मौलानांना विचारा असं म्हणूया. काही सहकाऱ्यांना वाटलं, यानं दान कमी होईल. मला त्यांची काळजी समजते. एकेका बुबुळासाठी माणसं थांबलेली आहेत. पण जो माणूस पत्रक वाचून होकार देतो आणि चाळिसाव्याला त्याला दुसरं मत कळतं, त्याच्या आयुष्यभराच्या बोचणीवर मला दृष्टी उभी करायची नाही. बरेच दिवस चर्चा चालली. शेवटी पत्रक बदललं. आता काही घरं ते वाचून नाही म्हणतात. काही मशिदीत फोन लावतात, आणि मी जिन्यात थांबते. काही फोन न लावताच सही करतात.

पुढच्या पंधरवड्याच्या आधी आयोजकांचा पुन्हा फोन आला. मी विचारलं, माझ्याबरोबर मौलानांनाही बोलवाल का, ते मंचावर नाही म्हणणार आहेत हे माहीत असून? ते गोंधळले. काही दिवसांनी त्यांनी होकार कळवला. मौलाना मात्र अजून तयार नाहीत. माईकवर वाद घालणं आपल्याला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. मी दर वर्षी विचारते.